नाव गाळलेला विलाप

"त्यांना रडवायचं कसं, गुरुजी?"

फिलोन दारातच उभा राहून बोलला. बसायची त्याची तयारी नव्हती.

म्हातारा हेर्मोन अंगणात शेंगा सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुणाला?"

"केराच्या बायकांना. धरून आणलेल्या."

"कांदा चोळून पाहिलास?"

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. माझ्या वेळी चोळायचे."

ही ग्रीकांच्या एका बेटावरची फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गाणी कुणी लिहून ठेवत नसे. ती गाणाऱ्याच्या डोक्यात असत आणि गुरूकडून शिष्याकडे जात. हेर्मोनने उभे आयुष्य राजांच्या दिवाणखान्यांत युद्धाची गाणी गाण्यात घालवले होते. आता तो टेकडीवर राहत होता आणि शेळ्या राखत होता.

फिलोन त्याचा सगळ्यांत गुणी शिष्य. आवाज असा की कोळी जाळे ओढायचे थांबत. हे फिलोनला पक्के ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना तो आवर्जून सांगत असे.

पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता.

राजा थ्रासोनने समुद्रापलीकडचे केरा गाव लुटून जाळले होते. पुरुष कापले आणि बायका गलबतात घालून आणल्या. त्याच लढाईत तटावरून आलेला धोंडा डोक्यात बसून राजाचा धाकटा भाऊ देक्सिओस मेला. उद्या सकाळी त्याची चिता पेटायची होती.

तिथे रीत अशी होती की, वीर ज्या गावात पडला त्या गावच्या बायकांनी त्याच्या चितेपाशी रडायचे. गाणाऱ्याने मेलेल्याचे नाव घेऊन विलाप सुरू करायचा आणि बायकांनी आक्रोश करून त्याला साथ द्यायची. बायका रडल्या नाहीत तर मेलेल्याला शांती मिळत नाही, असे लोक मानत.

"सकाळपासून विलाप बसवतोय त्यांच्याकडून," फिलोन म्हणाला. "ऐकतात, पण रडत नाहीत. नुसत्या उभ्या राहतात."

"ओरडलास?"

"ओरडलो. समजावलं. पुन्हा ओरडलो."

"मग?"

"राजा म्हणाला, उद्या रडल्या नाहीत तर दुपारच्या आत सगळ्यांना बंदरातल्या सौदागराला विकीन. एकेक वेगळ्या गलबतावर. आई एकीकडे, मुलगी दुसरीकडे."

"आणि तुझं काय?"

"मला हाकलून देईल. त्याच्या दारात पुन्हा गाऊ देणार नाही."

हेर्मोनने एक शेंग उघडली. दाणे किडके निघाले. त्याने ती शेळीपुढे टाकली.

"मग तुला काळजी कुणाची आहे? त्यांची की तुझी?"

फिलोन पायाने दारातली माती उकरू लागला.

"माझी," तो म्हणाला. "…त्यांचीही."

"क्रम बरोबर सांगितलास. बस आता."

फिलोन बसला.

"विलाप ऐकव," हेर्मोन म्हणाला.

फिलोनने डोळे मिटले आणि गाऊ लागला. विलाप सुरेखच होता. त्यात देक्सिओसचा बाप होता, आजा होता, आज्याला देवाने दिलेले घोडे होते. देक्सिओसचे खांदे होते, भाला होता, त्या भाल्याचे लाकूड कोणत्या डोंगरावरून आणले तेही होते. दर दुसऱ्या ओळीला त्याचे नाव यायचे आणि नावापाशी फिलोनचा आवाज असा काही चढायचा की शेळ्याही चरायच्या थांबल्या.

विलाप संपला. फिलोनने डोळे उघडले, कौतुक ऐकायला.

"देक्सिओस फारच वेळा मेला रे," हेर्मोन म्हणाला.

फिलोनचे कान लाल झाले.

"नाव घ्यावंच लागतं, गुरुजी. तुम्हीच शिकवलंत. नावासाठी तर गाणं असतं. माणूस जळून जातो, नाव राहतं."

"खरं आहे. मीच शिकवलं." हेर्मोनने शेंगांची टोपली बाजूला सारली. "एक सांग. आपल्या मोठ्या गाण्यांत या धरून आणलेल्या बायका कुठं कुठं येतात?"

"लूट वाटताना येतात."

"कशाच्या नंतर?"

"तांब्याच्या तिवयांच्या नंतर," फिलोन म्हणाला. "बैलांच्या आधी."

"पुढं?"

"पुढं वीर मरतो तेव्हा येतात. रडायला."

"आणि मधे?"

"मधे लढाई असते."

"सगळी लढाईच?"

"सगळी. आणि ती फार लांब असते…"

बोलता बोलता फिलोन अडखळला. ती गाणी त्याने लहानपणापासून पाठ केली होती. लढाईची एक ओळ चुकली तर हेर्मोन पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचा. बायकांची ओळ चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नसे.

"या बायका गाणं ऐकताना कुठं बघतात?" हेर्मोनने विचारले.

"समुद्राकडे."

"हं. पुन्हा गा."

फिलोन पुन्हा गाऊ लागला. पहिल्या नावापाशी आला, आवाज चढवला, आणि हेर्मोनने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. शेंगांचा हिरवा वास असलेला खरखरीत हात.

फिलोन थांबला. हात निघाला. तो पुढची ओळ गाऊ लागला. नाव आले तसा पुन्हा तोंडावर हात.

असे शेवटपर्यंत चालले.

"याला काय अर्थ आहे?" फिलोन वैतागून म्हणाला. "गाण्याला भोकं पडली नुसती."

"पडू देत."

"मी बुजवायची नाहीत?"

"तू नाही."

"मग कोण बुजवणार?"

हेर्मोनने टोपली पुन्हा पुढ्यात ओढली.

"राजाच्या लक्षात येईल. सगळ्या गावाच्या लक्षात येईल, की याने देक्सिओसचं नावच घेतलं नाही."

"नाही येणार. त्यांना वाटेल, तुझा कंठ दाटला."

फिलोनला हसू आले, ते त्याने दाबले. ही गाणाऱ्यांची जुनी युक्ती होती. शब्द आठवेनासा झाला की कंठ दाटल्यासारखे करायचे. लोक शब्द विसरल्याबद्दल रागावण्याऐवजी डोळे पुसतात.

"आणि बायका?" त्याने विचारले.

"त्यांचं मला काय विचारतोस? मी इथं शेंगा सोलतोय."

फिलोन उठला. त्याची खात्री पटली नव्हती. पण दुसरे काही सुचतही नव्हते, म्हणून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तो परत आला. अंगाला धुराचा वास येत होता आणि अंगावर नवी निळी शाल होती.

"रडल्या," तो म्हणाला.

हेर्मोनने मान हलवली.

"पहिल्या नावापाशी मी थांबलो. काहीच झालं नाही. मला घाम फुटला. दुसऱ्या नावापाशी थांबलो…"

"हं."

"एक म्हातारी होती पुढं. ती पुटपुटली. मी जवळच उभा होतो, मला ऐकू आलं. 'एउदामोस' म्हणाली. नुसतं तेवढंच. तिच्या शेजारचीनं तिच्याकडे पाहिलं. पुढच्या वेळी मी थांबलो तेव्हा ती शेजारची बोलली. तिनं दोन नावं घेतली."

"मग?"

"मग काय सांगू. मी थांबायचो आणि त्या नावं घ्यायच्या. सगळ्या एकदम. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. केस उपटत होत्या, जमिनीवर डोकं आपटत होत्या. शेवटी मला थांबावंही लागलं नाही. माझं गाणं कुठल्या कुठं बुडून गेलं, गुरुजी. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही."

हे सांगताना त्याचा आवाज कापत होता, आणि या वेळी त्यात युक्ती नव्हती.

"राजा?"

"राजा लांब होता, चितेच्या पलीकडे. त्याला फक्त आक्रोश ऐकू आला. तोही रडला. मला मिठी मारली. म्हणाला, माझ्या भावासाठी परक्या बायका अशा रडल्या, आता त्याचं नाव कधी पुसणार नाही. सौदागराला परत पाठवलं त्यानं. कुणाला विकणार नाही म्हणाला."

"मग बायका कुठं आहेत?"

"त्याच्याच वाड्यात. माग चालवतील, दळतील."

"हं…"

"निदान एकत्र आहेत," फिलोन म्हणाला.

त्या बायकांच्या वाट्याला आले ते काही फार नव्हते, आणि ते दोघांनाही कळत होते.

फिलोनने शाल सारखी केली.

"मला बक्षीसही मिळालं."

"बघतोय. चांगली आहे शाल."

"शाल नाही. शाल वरून दिली." तो जरा थांबला. "एक बाई दिली. जी सगळ्यांत जास्त रडली ती. राजा म्हणाला, हिनं माझ्या भावासाठी सगळ्यांत जास्त शोक केला, ही तुझी."

"कुठं आहे?"

"बाहेर उभी आहे. फाटकापाशी."

हेर्मोनने फाटकाकडे पाहिले. पंचविशीची एक बाई पाठ करून उभी होती. डोक्यावरचे केस एका बाजूला उपटलेले होते.

"ही तर नावही घेत नव्हती, गुरुजी," फिलोन हळू आवाजात म्हणाला. "मी थांबायचो तेव्हा ही फक्त एक आवाज करायची. तान्ह्या बाळाला निजवताना करतात ना, तसा. तो ऐकला आणि बाकीच्या ढासळल्याच. तो आवाज मला शिकवून शिकता येणार नाही."

"नाही येणार."

"म्हणून मी एक ठरवलंय." त्याचे डोळे चमकले. फिलोन पुन्हा फिलोन झाला होता. "हिला बरोबर घेऊन फिरायचं. सणाला, जत्रेला, मोठ्या राजांच्या दारी. मी विलाप गाईन, मी थांबेन, आणि ही तो आवाज करेल. असा दिवाणखाना जगात नाही जिथं कुणाचे डोळे कोरडे राहतील. असं कुणी कधी गायलेलं नाही, गुरुजी."

"रोज?"

"सणाच्या दिवसांत रोज."

हेर्मोनने पुन्हा फाटकाकडे पाहिले.

"काय झालं? पटलं नाही?"

फाटकापासून आवाज आला. बाईने तोंड इकडे वळवले होते.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं नाही," फिलोन म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याने ते ऐकले. आपण बोललो ते त्याला स्वतःलाच आवडले नाही, पण परत कसे घ्यावे हे कळेना. मानी माणसाचे असेच होते. तो शालीच्या काठाशी चाळा करत राहिला.

हेर्मोन उठला. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचे मोठे भांडे होते. तो हळूहळू फाटकापाशी गेला.

"या, बाई," तो म्हणाला. "आत या. बसा."

ती हलली नाही. वाड्यात आल्यापासून तिला कुणी 'ए' पलीकडे काही म्हटले नव्हते.

"गुरुजी, ती दासी आहे," फिलोन मागून म्हणाला.

"माझ्या घरात दासी नाही. माझ्या दारात जो येतो तो पाहुणा असतो. तुझ्या गावात वेगळी रीत असेल तर सांग."

फिलोनच्या गावातही तीच रीत होती. साऱ्या बेटांवर तीच होती. दारी आलेल्याचे पाय धुवायचे, त्याला खायला घालायचे आणि त्याचे पोट भरेपर्यंत तू कोण म्हणून विचारायचे नाही. ती मोडणाऱ्याला देव सोडत नाहीत असे सगळेच मानत. फक्त लढाईत धरून आणलेल्या बाईला ती रीत लागू होते का, हा प्रश्न कुणाला कधी पडला नव्हता. गाणाऱ्यांनाही नाही.

बाई आत आली. हेर्मोनच्या बैठकीवर टेकली, अगदी काठावर.

हेर्मोनने भांडे फिलोनच्या हातात दिले.

फिलोनने त्याच्याकडे पाहिले, मग बाईच्या पायांकडे. चितेची राख होती त्यांवर, आणि दोराचा वळ.

तो खाली बसला आणि तिचे पाय धुऊ लागला. त्याची निळी शाल पाण्यात भिजली. बाईने पाय मागे ओढले, मग राहू दिले.



हेर्मोनने जवाची भाकरी आणली, शेळीचे दही आणले, मूठभर ऑलिव्ह आणले. ती आधी थोडे थोडे खात होती, मग भराभर खाऊ लागली. कित्येक दिवसांत ती धड जेवली नसावी. दोघे पुरुष दुसरीकडे बघत बसले.

"आता विचार," हेर्मोन म्हणाला.

"काय?"

"जेवण झाल्यावर पाहुण्याला जे विचारतात ते."

फिलोनला भीती वाटली. त्याने राजांपुढे गाणी गायली होती आणि तो कधी घाबरला नव्हता.

"आपण कोण?" तो म्हणाला. "कुठल्या?"

"मिर्तो. केराची."

"…कुठं जायचंय?"

मिर्तोने त्याच्याकडे पाहिले. हा खरेच विचारतो आहे की यातही काही डाव आहे, ते ती बघत होती.

"केरा राहिलं नाही," ती म्हणाली. "एक बहीण आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर दिलेली. असेल तर असेल."

"तिच्याकडे जायचं?"

"माहीत नाही."

"मग इथं राहायचं?"

"तेही माहीत नाही." तिने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "गाव जळल्यापासून मला आज पहिल्यांदा कुणी विचारलं. लगेच कसं सांगू? तुम्हाला घाई आहे का?"

फिलोनने मान खाली घातली.

"नाही," तो म्हणाला.

तो हेर्मोनकडे वळला.

"राजा विचारेल, गुरुजी."

"बक्षीस कुणाचं?"

"माझं."

"मग राजा कशाला विचारेल?"

ते खरे होते. फिलोनला सुटायला वाट राहिली नव्हती, आणि सुटायचे कशातून हेही त्याला नीट सांगता आले नसते. एवढे मात्र त्याला कळत होते की, सकाळी जे गाणे गाऊन तो सगळ्या बेटावर मोठा झाला, ते आता त्याच्याच्याने पुन्हा गाववणार नाही.

पाय धुण्यात पाणी संपले होते. मिर्तोने कोपऱ्यातली रिकामी घागर पाहिली आणि उठली. आणल्या दिवसापासून वाड्याचे पाणी तीच भरत होती. धरून आणलेल्या बायकांना पहिल्यांदा हेच काम लावतात. घागर तिने कमरेवर घेतलीसुद्धा.

फिलोनला त्यात काही वावगे वाटले नाही. हेर्मोनने मात्र हात पुढे केला. मिर्तो थांबली. तिने घागर त्याच्या हातात दिली आणि परत जाऊन बसली. या वेळी ती काठावर बसली नाही.

"ती ठरवेल कधीतरी," फिलोन म्हणाला. "आज नाहीतर चार महिन्यांनी. तोवर मी काय करायचं, गुरुजी?"

हेर्मोनने घागर त्याच्या खांद्यावर ठेवली.

"झरा खाली आहे," तो म्हणाला. "येताना चढ लागतो."